हिमाद्रीच्या बंदरीं एक दिवस

हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं, ओहोटीच्या वेळीं, वाशीच्या खाडीपुलावरून खालीं पाहिलें तर उघड्या पडलेल्या चिखलावर चिमणीएवढे करडे पक्षी लगबगीनें धांवतांना आणि चोंचीनें चिखल टिपतांना दिसतात. रोहित पक्ष्यांच्या गुलाबी थव्यांकडे सर्वांचें लक्ष जातें. या चिमुकल्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. याचें नांव टिलवा. वजन अवघें दोन तोळ्यांच्या आसपास. परंतु हा पाहुणा जन्मला कोठें, असें विचारलें तर उत्तर ऐकून आपण थक्क होऊं. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या, वृक्षाचें नांव नसलेल्या आणि वर्षांतील बहुतेक महिने गोठलेल्या भूमीवर त्याचें अंडें फुटलेलें असतें. आपल्या खाडीचा चिखल आणि आर्क्टिक प्रदेशाचा बर्फ यांचा व्यवहार असा फार जुना आहे. आपल्याला त्याची वार्ता उशिरां लागली, इतकेंच.

आतां दुसरी एक गोष्ट सांगतों. त्या आर्क्टिक प्रदेशांत आपल्या देशाचें एक घर आहे. त्याचें नांव 'हिमाद्रि'. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यांत, वास्को येथें, समुद्राकडे तोंड करून उभी आहे. १९९८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेला आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असें म्हणतात. इ. स. २००७ च्या उन्हाळ्यांत पांच भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी उत्तरेकडे गेली, आणि १ जुलै २००८ रोजीं हिमाद्रीचें दार उघडलें. आजच्या भाषणांत आपण मनानें त्या बंदरीं जाऊं, एक दिवस त्या पाण्यांत काढूं, किनाऱ्यावर पाऊल ठेवूं आणि तेथें पाहिलेल्या गोष्टींचा आपल्या दाराशीं असलेला संबंध समजून घेऊं.

प्रथम जागा कोठें आहे, तें पाहूं. नॉर्वे देशाच्या उत्तरेस, युरोपखंडाच्या टोंकापासून बरेंच पुढें, स्वालबार्ड नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील सर्वांत मोठें बेट स्पिट्सबर्गेन. इ. स. १५९६ मध्यें विलेम बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी चीनचा मार्ग शोधीत तेथें पोहोंचला. समोर टोंकदार शिखरांची रांगच रांग दिसली, म्हणून 'टोंकदार डोंगर' अशा अर्थाचें हें नांव पडलें. पुढें व्हेल मारणारे आले, सापळे लावणारे शिकारी आले, कोळसा खणणारे आले. पण बेटांचा धनी कोण, हें ठरेना. शेवटीं ९ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिस येथें एक तह झाला. बेटांवर नॉर्वेचें स्वामित्व राहावें, परंतु तहांत सामील झालेल्या सर्व देशांच्या नागरिकांना तेथें जाण्यायेण्याची, मासेमारीची व उद्योगधंद्याची समान मोकळीक असावी, असें त्यांत ठरलें. त्या काळच्या ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानच्या वतीनेंही त्यावर सही केली होती. म्हणजे आपलें त्या बेटांशीं कागदोपत्रीं नातें शंभर वर्षांहून जुनें आहे.

मराठी माणसाचें मानसिक नातें तर त्याहूनही जुनें. इ. स. १९०३ मध्यें लोकमान्य टिळकांनीं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतील उषेचीं वर्णनें अनेक दिवस टिकणाऱ्या पहाटेचीं आहेत, आणि अशी पहाट ध्रुवाजवळच होते. तेव्हां आपल्या पूर्वजांचें मूलस्थान तिकडे असलें पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आजचे विद्वान तें अनुमान मान्य करीत नाहींत. ज्या काळीं तो प्रदेश सुखद होता असें टिळकांनीं धरलें, तो काळ वस्तुतः हिमयुगाचा होता, असें भूगर्भशास्त्र सांगतें. तथापि त्यांच्या युक्तिवादांतील खगोलशास्त्र चोख होतें. ध्रुवाजवळ पहाट खरोखरच अनेक दिवस रेंगाळते, दिवस महिनोन्महिने चालतो आणि रात्रही तशीच. पुण्यांत बसून गणितानें पाहिलेलें तें आकाश आज भारतीय शास्त्रज्ञ डोळ्यांनीं पाहत आहेत.

चला तर, प्रवासाला निघूं. स्वालबार्डचें मुख्य गांव लाँगइयरब्येन. तेथून हिमाद्रि ज्या वस्तींत आहे, त्या नी-ओलेसुंडपर्यंतचें अंतर सरळ रेषेंत शंभर-सव्वाशें किलोमीटर. शास्त्रज्ञ बहुधा लहान विमानानें जातात. परंतु आपण गलबतानें जाऊं. महिना जुलै. घड्याळांत पहाटेचे चार वाजले आहेत. पण पहाट म्हणण्याची सोय नाहीं, कारण सूर्य मावळलेलाच नाहीं. नी-ओलेसुंडला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत उगवलेला सूर्य ऑगस्टच्या अखेरीकडे प्रथम क्षितिजाखालीं जातो. जूनच्या मध्यावर दुपारीं तो दक्षिणेस सुमारें चौतीस अंश चढतो आणि मध्यरात्रीं उत्तरेस सुमारें बारा अंशांवर उतरून पुन्हां चढूं लागतो. म्हणजे तो उगवत-मावळत नसून देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा आकाशाला फेऱ्या घालतो. ध्रुवतारा आपल्या वाशी-बेलापुरांतून क्षितिजावर अवघा एकोणीस अंश दिसतो. येथें तो जवळजवळ डोक्यावर, एकोणऐंशी अंशांवर असतो. मात्र जुलैमध्यें तो दिसणार नाहीं. कारण उघड आहे: अंधार नाहीं.

गलबत मोठ्या खाडींतून बाहेर पडून उत्तरेकडे वळतें. डाव्या हातास प्रिन्स कार्ल नांवाचें लांबट बेट, उजव्या हातास स्पिट्सबर्गेनचे काळे-पांढरे डोंगर, आणि मधून सामुद्रधुनी. या वाटेंत एके ठिकाणीं उथळ बांध आहे. लहान गलबतें त्यावरून जातात. ज्यांचा बुडीत भाग खोल आहे, अशा मोठ्या जहाजांना बेटाच्या बाहेरून खुल्या समुद्रांतून वळसा घालावा लागतो. आपल्या दिवाळे किंवा करावे गांवच्या तांडेलाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. खाडीच्या तोंडावरील वाळूचा दांडा म्हणजे काय, तें त्याला आपल्याहून चांगलें ठाऊक असतें. बेटाच्या किनाऱ्यावर मातकट रंगाचे ढीग दिसतात. ते दगड नव्हेत, वॉलरस आहेत. सुळ्यांसाठीं व चरबीसाठीं माणसानें त्यांची इतकी हत्या केली कीं, येथील वंश बुडण्याच्या बेतास आला होता. १९५२ सालीं त्यांना कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि सत्तर वर्षांत ते हळूहळू परतले. मनुष्यानें हात आंखडला तर निसर्ग कांहीं वेळां पुन्हां उभा राहतो, याचें हें एक समाधानकारक उदाहरण.

आतां कोणी विचारील, ध्रुवापासून अवघ्या बाराशें किलोमीटरांवर आलों, आणि समुद्र मोकळा कसा? ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर याच अक्षांशांत बर्फाच्या लाद्या वाहत असतात. उत्तर पाण्याखालीं आहे. अटलांटिक महासागरांतील उबदार पाण्याचा एक प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्यानें चढत येऊन स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम कडेनें उत्तरेस जातो. त्याच्या कृपेनें ही बाजू जगांतील सर्वांत उत्तरेकडील मोकळ्या जलमार्गांपैकीं एक झाली आहे. 'उबदार' हा शब्द मात्र जपून घ्यावा. या पाण्यांत पडलेला माणूस फार वेळ हातपाय हलवूं शकत नाहीं. खारें पाणी शून्याच्याही खालीं, सुमारें उणे १.८ अंशांवर गोठतें, त्यामुळें थंड पाणी द्रवरूपांतही अत्यंत घातक असतें.

या समुद्रांत जहाज नेणें हें साध्या नौकानयनापेक्षां निराळें शास्त्र आहे. हिवाळ्यांत लाटांचे तुषार जहाजाच्या वरच्या भागावर पडतांच गोठतात, थरावर थर चढतात, माथा जड होतो, आणि न फोडल्यास जहाज उलटूंही शकतें. म्हणून ध्रुवीय जलांत जाणाऱ्या जहाजांसाठीं आंतरराष्ट्रीय नियमावली १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. जहाजाची बांधणी कशी असावी, जीवरक्षक साहित्य किती थंडींत चालावें, अधिकाऱ्यांनीं कोणतें विशेष शिक्षण घ्यावें, हें त्यांत सांगितलें आहे. आपल्या नवी मुंबईंत करावे येथें 'चाणक्य' हें नौकाशिक्षणाचें विद्यालय आहे. 'डफरिन' आणि 'राजेंद्र' या शिक्षणनौकांची परंपरा १९९३ पासून तेथें जमिनीवर चालू आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकीं कोणाला उद्यां या उत्तरेकडील पाण्यांत काम करावयाचें झालें, तर हा ध्रुवीय धडाही स्वतंत्रपणें गिरवावा लागेल.

होकायंत्राचीही येथें परीक्षा होते. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळें पृथ्वीची चुंबकशक्ति सुईला आडवी ओढण्याऐवजीं खालीं ओढूं लागते. सुई मंद व चंचल होते. या विषयाचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेल येथें आहे, हें आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक नसेल. तिचें मूळ कुलाब्याच्या वेधशाळेंत. तेथें १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणें होत असत. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें सुया बिघडतील, म्हणून १९०४ सालीं तें काम अलिबागेस हलविलें. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावर प्रचंड उद्रेक होऊन जें चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलें, त्याची कुलाब्याला झालेली नोंद आजही जगभरच्या अभ्यासकांना मोलाची वाटते. उत्तर ध्रुवाकडे आकाशांत हिरवे-तांबडे प्रकाशाचे पडदे हलतात, तेंही याच जातीच्या उलाढालींचें फळ. त्या पडद्यांसाठीं मात्र हिवाळ्यांत यावें लागेल.

दुपारच्या सुमारास गलबत राजाच्या खाडींत शिरतें. नॉर्वेच्या भाषेंत काँग्सफिओर्ड. एके काळीं येथें हिमनदी होती. तिनें डोंगर खरवडून खोल दरी केली, पुढें समुद्र आंत आला आणि खाडी झाली. खाडीच्या टोंकाशीं आजही हिमनद्या थेट पाण्यांत उतरतात. दुरून ती एक मळकट पांढरी भिंत वाटते. जवळ जातां तिच्या भेगांतून निळा रंग दिसूं लागतो. शतकानुशतकें दाबल्या गेलेल्या बर्फांतील हवा कमी होऊन तो घट्ट होतो आणि प्रकाशांतील तांबडा भाग गिळून टाकतो. निळा तेवढा परत येतो. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात, आणि गलबताचें यंत्र थांबविलें तर त्यांतून सतत तडतड असा आवाज ऐकूं येतो. जणूं कढईंत मोहरी फुटत आहे. शेंकडों वर्षांपूर्वीं कोंडलेले हवेचे बुडबुडे बर्फ वितळतांना फुटत असतात, त्यांचा हा आवाज.

मध्येंच मेघगर्जनेसारखा धडाका होतो आणि भिंतीचा एक कडा पाण्यांत कोसळतो. त्यानें उठणारी लाट लहान होडी सहज उलथवूं शकते, म्हणून जाणते नाखवे भिंतीपासून पुष्कळ अंतर राखतात. हिमनदीच्या पायथ्याशीं पाणी पिठूळ तपकिरी झालेलें असतें. बर्फाखालून वाहत आलेला गाळ तेथें वर उसळतो, आणि त्याबरोबर वर आलेले बारीक जीव टिपण्यासाठीं समुद्रपक्ष्यांची झुंबड उडते.

आतां किनाऱ्यावर उतरावयाचें. समोर ब्लूमस्ट्रँड नांवाची भूमि आहे. तिच्या नांवांत 'द्वीपकल्प' या अर्थाचा शब्द आहे, कारण नकाशे काढले तेव्हां एका हिमनदीनें ती मुख्य भूमीला जोडलेली होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हिमनदी इतकी मागें सरली कीं, मधून समुद्र आरपार झाला आणि द्वीपकल्पाचें बेट झालें. नांव जुनें राहिलें, भूगोल बदलला. पाठ्यपुस्तकांतील भूगोल स्थिर असतो, अशी आपली समजूत. येथें तो एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलला.

रबरी होडींतून प्रथम बंदूकधारी वाटाडे उतरतात. ते टेकाडावर चढून दुर्बिणीनें चहूंकडे पाहतात; कारण ध्रुवीय अस्वल कोठून येईल याचा नेम नाहीं. बंदूक शिकारीची नव्हे. या अस्वलांची शिकार येथें १९७३ पासून बंद आहे, आणि २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणें त्यांच्यापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जून या महिन्यांत ५०० मीटर दूर राहावें लागतें. अस्वल दिसलें कीं माणसांनीं निमूटपणें होडींत बसून परतावयाचें, हा येथील शिष्टाचार. घर त्याचें आहे.

'या' अशी खूण झाली. गुडघाभर पाण्यांत बूट बुडवून आपण गोट्यांच्या किनाऱ्यावर येतों. पहिली नवलाची गोष्ट म्हणजे लांकडाचे ओंडके. बेटावर एकही वृक्ष नाहीं, मग हे आले कोठून? सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेलीं झाडें समुद्राच्या बर्फांत अडकतात आणि त्याच्याबरोबर ध्रुवप्रदेश ओलांडून, वर्षानुवर्षें प्रवास करून येथें लागतात. पायाखालीं बोटभर उंचीचें एक रोप दिसतें. तें विलो जातीचें झाड आहे. वारा लागूं नये म्हणून तें जमिनीला चिकटून वाढतें. जांभळीं, पिवळीं इवलीं फुलें खडकाच्या फटींतून डोकावतात. त्यांना सारा संसार सहा-आठ आठवड्यांत उरकावयाचा असतो. म्हणून वाटाडे सांगतात, दगडावर पाय द्या, हिरवळीवर देऊं नका. एका बुटाचा ठसा येथें पुष्कळ वर्षें राहतो.

थोडें पुढें गंजलेलीं यंत्रें, रूळ आणि पांढऱ्या दगडांचे ढीग आहेत. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड नांवाच्या एका इंग्रजाला येथें संगमरवर सांपडला. १९११ पासून खाण चालू झाली, घरें उभीं राहिलीं, वस्तीला लंडनचें नांव मिळालें. दगड दिसावयास देखणा होता. परंतु हजारों वर्षांच्या गोठण्यानें त्याच्या अंतरंगांत सूक्ष्म भेगा पडलेल्या होत्या, आणि त्यांना केवळ बर्फानें धरून ठेवलें होतें. उबदार प्रदेशांत नेतांच दगड भुगा होऊं लागला. सारा पैसा बुडाला. या गोष्टींतील बोध नीट लक्षांत ठेवावा: येथील पुष्कळ वस्तु केवळ थंडीनें एकत्र धरलेल्या आहेत.

खाडी ओलांडून संध्याकाळीं आपण नी-ओलेसुंडला लागतों. रंगीत लांकडी घरांची ही चिमुकली वस्ती पूर्वीं कोळशाची होती. ५ नोव्हेंबर १९६२ रोजीं खाणींत स्फोट होऊन २१ कामगार मेले. त्या प्रकरणावरून पुढल्या वर्षीं नॉर्वेचें मंत्रिमंडळही पडलें, आणि खाण कायमची बंद झाली. कोळशाची लहानशी आगगाडी धक्क्याजवळ स्मारक म्हणून उभी आहे. गांवाबाहेर एक लोखंडी खांब दिसतो. मे १९२६ मध्यें आमुंडसेन, एल्सवर्थ व नोबिले हे 'नॉर्गे' या वायुनौकेंतून येथूनच उडाले आणि १२ मे रोजीं उत्तर ध्रुवावरून गेले. वायुनौका बांधावयाचा तोच हा खांब. दोन वर्षांनीं नोबिलेची दुसरी नौका बर्फावर कोसळली, तेव्हां त्याच्याशीं मनानें दुरावलेला आमुंडसेन त्याला शोधावयास निघाला, तो परत आलाच नाहीं.

वस्तींत शिरतांना एक हात डोक्यावर धरावा, कारण रस्त्याकडेला घरटीं केलेले कुररी पक्षी निःशंकपणें टाळूवर चोंच मारतात. हेच पक्षी हिवाळा आला कीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, अंटार्क्टिकापर्यंत जातात. दुसरी एक सूचना तर या भाषणाच्या संदर्भांत मौजेची आहे: गांवापासून वीस किलोमीटरांच्या परिसरांत खिशांतील बिनतारी यंत्रें बंद ठेवावीं लागतात. दूरच्या क्वासारांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकण्याचें काम येथें चालतें, आणि त्यांत आपली कुजबूज मिसळूं नये, हा हेतु. मौनाचें महत्त्व नभोवाणीवरून सांगण्याचा योग असा क्वचितच येतो.

आणि हें हिमाद्रीचें घर. तांबड्या-पिवळ्या राजवाड्याची कल्पना करूं नका. क्षेत्रफळ सुमारें २२० चौरस मीटर; आठ माणसें राहूं शकतील एवढी जागा. अनेक वर्षें येथें भारतीय मंडळी मुख्यतः उन्हाळ्यांत येत. डिसेंबर २०२३ मध्यें पहिली हिवाळी तुकडी आली. तींत आपल्या पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेचेही संशोधक होते. सूर्य चार महिने दिसत नाहीं अशा अंधारांत राहून ढग, हवेंतील कण, हिम आणि आकाश यांच्या नोंदी करणें, हें काम वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येत नाहीं. शास्त्राची इमारत मात्र अशाच कामावर उभी राहते.

हिमाद्रीचें दुसरें अंग पाण्याखालीं आहे. २३ जुलै २०१४ रोजीं याच खाडींत सुमारें १९२ मीटर खोलीवर भारतीय शास्त्रज्ञांनीं एक वेधसांखळी नांगरली. तळाशीं वजन, वर तरते, आणि मधल्या दोरावर निरनिराळ्या खोलींचें तापमान, खारेपणा व प्रवाह मोजणारीं यंत्रें. तिचें वैशिष्ट्य असें कीं, जेव्हां वादळांत वा बर्फांत कोणी होडी काढूं शकत नाहीं, तेव्हांही ती मोजतच असते. आपण सकाळीं ज्या उबदार प्रवाहाची गोष्ट ऐकली, तो खाडींत केव्हां व किती घुसतो, हें तिच्यावरून कळतें. पूर्वीं ही खाडी हिवाळ्यांत आंतून गोठत असे. २००६ पासून तो बर्फ बराच कमी झाला आहे.

आतां मुख्य प्रश्न. त्या खाडींत बर्फ गोठला काय आणि न गोठला काय, नेरूळच्या गृहस्थाला त्याचें काय?

पहिली गोष्ट पावसाची. १९७९ पासूनच्या मोजमापांवरून आर्क्टिक प्रदेश एकंदर पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापत आहे, असें फिनलंडच्या संशोधकांनीं २०२२ सालीं दाखविलें. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो गेला कीं काळें पाणी ऊन पितें, आणि आणखी बर्फ वितळतो. असें हें चक्र आहे. तिकडचें आणि इकडचें तापमान यांतील अंतर बदललें, म्हणजे उंचावरील वाऱ्यांचे मार्ग बदलतात. सैबेरियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. तेथील घटता बर्फ आणि मध्य भारतांत मोसमाच्या अखेरीस होणारी अतिवृष्टि यांत संबंध असावा, असें अनुमान गोव्याच्या केंद्रांतील संशोधकांनीं २०२१ मध्यें मांडलें. अनुमान म्हणजे सिद्धांत नव्हे. मोसमी पावसाचे धनी अनेक आहेत, आणि प्रत्येक मुसळधार पावसाचें खापर ध्रुवावर फोडणें अशास्त्रीय होईल. पण धागा आहे कीं नाहीं, हें तेथें जाऊन मोजल्याशिवाय कळणार नाहीं.

दुसरी गोष्ट समुद्राच्या पातळीची. तिच्यांत शंकेला जागा कमी. सरबताच्या पेल्यांत तरंगणारा बर्फ वितळला तरी पेला ओसंडत नाहीं. तसा तरंगता समुद्रबर्फ वितळल्यानें पाणी जवळजवळ चढत नाहीं. परंतु जमिनीवरचा बर्फ समुद्रांत आला तर तो बाहेरून ओतलेला बर्फ होय. एकट्या ग्रीनलंडवर इतका बर्फ आहे कीं, तो सर्व वितळल्यास जगाचा समुद्र सुमारें सात मीटर चढेल. तें शतकांचें काम आहे, उद्यांचें नव्हे. पण येथें एक विचित्र न्याय आहे. बर्फाचा प्रचंड ढीग आपल्या गुरुत्वाकर्षणानें भोंवतालचें पाणी स्वतःकडे ओढून धरतो. ढीग झिजला कीं ती ओढ सैल होते, आणि तें पाणी दूर निघून जातें. म्हणून ग्रीनलंड वितळलें तर त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर समुद्र उतरतो, आणि दूरच्या उष्ण प्रदेशांत सरासरीहून अधिक चढतो. म्हणजे तिकडचें पाणी आपल्याकडे पाहुणें येतें.

नवी मुंबईनें हें विशेष जाणलें पाहिजे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीकांठच्या भातशेतांवर, मिठागरांवर व खाजणांवर हें नगर उभें राहिलें. पुष्कळ जमीन सखल. म्हणून डच पद्धतीनें धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळीं त्यांच्या झडपा समुद्राच्या दाबानें मिटतात आणि पावसाचें पाणी तलावांत सांठतें. ओहोटी लागली कीं झडपा उघडून तें खाडींत जातें. युक्ति नामी आहे. पण ती एका गृहीतावर उभी आहे: ओहोटी पुरेशी खोल असेल आणि पुरेसा वेळ टिकेल. समुद्र वीतभर जरी चढला, तरी झडपा उघड्या राहण्याचा अवधि तितका आंखडेल. म्हणून धारण तलावांतील गाळ उपसणें, कांदळवनें राखणें, खाजणावर भराव न घालणें, हे प्रश्न केवळ सौंदर्याचे नाहींत. ब्लूमस्ट्रँडच्या संगमरवराप्रमाणें आपलेंही नगर एका न दिसणाऱ्या आधारावर उभें आहे. तो आधार म्हणजे समुद्राची ठरलेली पातळी.

श्रोतेहो, दिवस संपला असें घड्याळ सांगतें. हिमाद्रीच्या खिडकीला काळा पडदा लावून शास्त्रज्ञ झोंपतात, कारण बाहेर मध्यरात्रींचा सूर्य लखलखत असतो. थोड्याच आठवड्यांत उत्तरेकडील चिखलावर टिलव्याचीं पिलें उडूं लागतील, आणि थंडीपूर्वीं दक्षिणेकडे निघतील. त्यांना नकाशा कोणी शिकविलेला नाहीं. पण हजारों मैलांच्या प्रवासाच्या अखेरीस ठाण्याच्या खाडींत ओहोटीला चिखल उघडा पडेल, असा त्यांच्या रक्तांत भरंवसा असतो. या खाडीच्या एका भागाला २०१५ सालीं अभयारण्याचा आणि २०२२ सालीं रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. तिकडचा बर्फ राखणें आपल्या एकट्याच्या हातीं नाहीं. इकडचा चिखल राखणें मात्र आहे. पुढच्या हिवाळ्यांत पुलावरून जातां क्षणभर खालीं पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.